कॉम्प्रेसरची मोटर वारंवार ट्रिप होतेय? आधी वेळ पाहा, मग रिलेला हात लावा

रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातले गाळेधारक असोत किंवा कळंबोलीपासून वाशीच्या एपीएमसीपर्यंतचे टायरवाले, त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “कॉम्प्रेसर चालू केला की ओव्हरलोड पडतो. रिसेट केला की थोडा वेळ चालतो, परत पडतो. मोटर रिवाइंड करू की नवीन घेऊ?”

इतक्यात दोन्ही करू नका. अशा तक्रारीत मोटर धडधाकट असते आणि दोष भलतीकडेच असतो, असे अनेकदा होते. दाब न सोडणारा व्हॉल्व्ह, सैल झालेला लग, एका फेजवर पडलेले व्होल्टेज किंवा कोणीतरी फिरवून ठेवलेला प्रेशर स्विच, यांतले काहीही असू शकते. वायंडरकडे मोटर गेली की तो मोटरच पाहणार. म्हणून ती फाउंडेशनवरून उतरवण्याआधी काय तपासायचे, ते इथे सांगतो.

नेमके काय ट्रिप झाले?

“ट्रिप मारली” म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगतात. पॅनेल उघडून आधी एवढे पाहा:

- स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले सुटला असेल, तर मोटरने ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त करंट काही काळ खेचला, किंवा एक फेज गेला. हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.
- एमसीबी पडला असेल आणि तोही स्टार्टर दाबताक्षणी, तर शॉर्ट सर्किट किंवा चुकीच्या प्रकारचा एमसीबी असू शकतो. मोटर सुरू होताना सहा-सातपट करंट घेते. घरगुती वापराचा ‘बी’ प्रकारचा एमसीबी तिथे टिकत नाही.
- अर्थ लीकेजचा ब्रेकर पडला असेल, तर करंट बॉडीला उतरतो आहे. पुन्हा चालू करून पाहण्याचा प्रयोग नको. मेन बंद ठेवा आणि वायरमनला बोलवा.

रिसेट दाबण्याआधी

रिलेतली पट्टी काही मिनिटांत गार होते, मोटरचे वायंडिंग होत नाही. रिसेट बटण बसले म्हणजे मोटर तयार झाली असे नाही. बॉडीला हात लावता येण्याइतपत ती निवू द्या. एकामागून एक चार-पाच रिसेट मारले, तर आधीच तापलेल्या वायंडिंगमधून दर वेळी सहापट करंट जातो. मोटरी जळतात त्या बहुधा अशाच. इन्सुलेशनबाबत एक जुना ठोकताळा आहे: मर्यादेच्या वर दर १० अंश सेल्सिअस तापमान वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते.

रिलेवर मॅन्युअल आणि ऑटो असे दोन पर्याय असतील, तर कॉम्प्रेसरसाठी तो मॅन्युअलवरच हवा. ऑटोवर असेल, तर प्रेशर स्विचच्या जोडणीमुळे रिले गार झाल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी बेल्टजवळ कोणाचा हात असेल ते सांगता येत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी मेन बंद करून कुलूप लावा, टाकीतला दाब शून्यावर आणा आणि सिंगल फेज मोटर असेल तर कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या. चालू लाइनवरची मोजमापे आणि जोडण्यांचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. शेजारच्या गाळ्यातला हुशार मुलगा कितीही हुशार असला, तरी हे काम त्याचे नाही.

ट्रिप कधी होते, ते लिहून ठेवा

माझ्या मते साऱ्या तपासणीतला सर्वात मोलाचा भाग हाच आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही. पॅनेलच्या दारावर कागद चिकटवा. दर ट्रिपला तीन गोष्टी लिहा: घड्याळातली वेळ, गेजवरचा दाब, आणि मोटर चालू होऊन किती वेळ झाला होता. दोन-तीन दिवसांत त्या नोंदीच बोलू लागतात.

- मोटर फिरतच नाही, घुमते आणि काही सेकंदांत ट्रिप होते: एक फेज गेलेला आहे, कपॅसिटर बसला आहे, किंवा कॉम्प्रेसर हेड जाम आहे.
- रिकाम्या टाकीवर छान सुरू होते, पण दाब असताना पुन्हा सुरू होताना पडते: अनलोडर किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. मोटरचा दोष इथे क्वचित असतो.
- सुरू व्यवस्थित होते, पण कट-आउटजवळ पोचता पोचता पडते: दाबाचे सेटिंग वाढवलेले आहे, व्हॉल्व्ह प्लेट खराब आहे किंवा पुली बदललेली आहे.
- अर्ध्या-पाऊण तासाने पडते: थोडासाच पण सततचा जास्त करंट, व्होल्टेजमधला असमतोल, कोंडलेली हवा किंवा वारंवार होणारे स्टार्ट-स्टॉप.
- ठरावीक वेळीच, म्हणजे शेजारच्या युनिटचा लोड चढल्यावर किंवा दुपारीच पडते: सप्लाय तपासा. पॅनेलवर ऊन येते का, तेही पाहा.
- सुट्टीनंतरच्या सकाळीच पडते: थंडीत घट्ट झालेले तेल किंवा पावसाळ्यात ओलावलेले वायंडिंग.

टाकीतला दाब आणि ‘फुस्स’ आवाज

पिस्टनचा कॉम्प्रेसर कट-आउटला बंद झाला की प्रेशर स्विचजवळून ‘फुस्स’ असा छोटा आवाज येतो. हेड आणि टाकी यांच्यामधल्या नळीत अडकलेली हवा अनलोडर बाहेर सोडतो, त्याचा तो आवाज. पुढच्या वेळी मोटरने मोकळ्या पिस्टनवर सुरू व्हावे, यासाठी ही सोय असते.

आवाज अजिबात येत नसेल, तर हवा नळीत कोंडलेलीच राहिली. मग मोटरला पहिल्याच फेऱ्यात दाबाविरुद्ध उठावे लागते. ती वेग पकडत नाही, करंट खाली येत नाही, आणि क्लास १० चा रिले अशा करंटला दहा सेकंदांच्या आत सुटतो. त्याने आपले काम चोख केलेले असते. अनलोडरची बारीक नळी तेलाच्या काजळीने चोंदली आहे का पाहा, आणि प्रेशर स्विचमधली पिन दबते का तेही पाहा.

उलट, मशीन बंद झाल्यावर आवाज थांबतच नसेल आणि हवा बारीक शिट्टीसारखी येत राहत असेल, तर टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. टाकीतली हवा उलटी नळीत येते आणि अनलोडरवाटे बाहेर पडते. बहुतेक लोक अशा वेळी प्रेशर स्विच बदलतात. नवा स्विच बसवला तरी शिट्टी चालूच राहते, कारण गळती मागे टाकीजवळ आहे. व्हॉल्व्ह खोलून आतली सीट आणि स्प्रिंग साफ करा, रबर कडक झाले असेल तर बदला. मात्र तो खोलताना टाकी पूर्ण रिकामी असलीच पाहिजे. गेज शून्य दाखवत असला तरी ड्रेन कॉक उघडून खात्री करा, गेज अडकलेला असू शकतो.

खात्रीची एक सोपी परीक्षा आहे. टाकी रिकामी करून मोटर सुरू करा आणि कट-आउटपर्यंत चालू द्या. मग दाब उतरवून कट-इनला पुन्हा सुरू होते का पाहा. पहिल्या वेळी चालली आणि दुसऱ्या वेळी बसली, तर दोष कुठे आहे ते कळले.

प्रेशर स्विचच्या सेटिंगबद्दलही एक सांगायला हवे. नवी मशीन आली, तिला जास्त दाब हवा, म्हणून कोणीतरी आठ किलोचे दहा किलो करून ठेवते. स्क्रू कॉम्प्रेसरमध्ये दर बारमागे साधारण सात टक्के जास्त वीज लागते. पिस्टनच्या मशीनवरही भार वाढतोच, आणि मोटर आधीच पूर्ण भारावर असेल तर तेवढे पुरते. नेमप्लेटवरच्या कमाल दाबाच्या वर सेटिंग नेऊ नका. सेफ्टी व्हॉल्व्हला तर हातही लावू नका.

टाँग टेस्टरचे तीन आकडे

थ्री फेज मोटरवर वायरमनकडून सहा मोजमापे करून घ्या. मोटर भारावर असताना तिन्ही वायरींचा करंट आणि तिन्ही फेजमधले परस्पर व्होल्टेज. ‘सप्लाय ओके आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, आकडे लिहून मागा.

समजा व्होल्टेज ४१५, ४०८ आणि ३९२ आले. सरासरी ४०५. सरासरीपासून सर्वात दूरचा आकडा ३९२, म्हणजे फरक १३. तेव्हा असमतोल सुमारे ३.२ टक्के. कानाला हे किरकोळ वाटते. पण व्होल्टेजमधला एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा टक्के असमतोल घडवतो, आणि मोटरची तापमानवाढ असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी होते. इथे ती २० टक्क्यांच्या आसपास जाते. असमतोल एक टक्क्याच्या आत असावा. पाच टक्क्यांच्या वर मोटर चालवूच नये.

करंट असमान असेल, तर दोष सप्लायचा की मोटरचा, हे ठरवायची एक जुनी आणि पक्की रीत आहे. मेन बंद करून मोटरला जाणाऱ्या तिन्ही वायरी एकेक जागा पुढे सरकवा: पहिलीची दुसऱ्या टर्मिनलवर, दुसरीची तिसऱ्यावर, तिसरीची पहिल्यावर. तिन्ही सरकवल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच अदलाबदल केल्या तर मात्र मोटर उलटी फिरेल, आणि स्क्रू कॉम्प्रेसर काही सेकंद उलटा फिरला तरी नुकसान मोठे होते. म्हणून स्क्रू मशीनवर हे काम फक्त सर्व्हिस इंजिनिअरकडूनच करून घ्या. स्टार-डेल्टाच्या सहा वायरी असतील, तर बदल स्टार्टरच्या आधी, येणाऱ्या लाइनवर करायचा.

आता पुन्हा मोजा. जास्त करंट त्याच सप्लाय वायरीत राहिला, तर दोष सप्लायकडे. तो मोटरच्या त्याच टर्मिनलबरोबर सरकला, तर दोष वायंडिंगमध्ये. या एका चाचणीने रिवाइंडिंगचा खर्च वाचू शकतो.

दोष सप्लायकडे आला तरी लगेच वीज कंपनीला बोल लावू नका. आधी आपल्या मीटरपासून मोटरपर्यंतचा रस्ता पाहा. मेन स्विचचे फ्यूज, कॉन्टॅक्टरचे झिजलेले पॉइंट, रिलेच्या टर्मिनलवरचे लग. सैल लगाची खूण डोळ्यांना दिसते: तांबे निळसर-काळे पडते आणि वायरीचे इन्सुलेशन टोकाशी कडक होऊन भेगाळते. तिथली उष्णता थेट रिलेच्या पट्टीत जाते, म्हणून करंट बरोबर असूनही रिले पडतो. तेवढा तुकडा कापून नवा लग क्रिंप करा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही.

मोटर सुरू होतानाचे व्होल्टेजही मोटरच्या टर्मिनलवर मोजा. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ४१५ चे ३७० झाले की मोटरची ताकद वीस टक्क्यांनी उतरते. गाळ्याच्या मागच्या टोकापर्यंत बारीक केबल ओढली असेल, तर कारण तेच असू शकते.

बेल्ट काढून पाहा

आकडे ठीक आणि तरी ट्रिप होत असेल, तर बेल्ट काढून मोटर एकटी चालवा. मोकळ्या थ्री फेज मोटरचा करंट पूर्ण भाराच्या साधारण तीस ते पन्नास टक्के असतो. तिथेही जास्त आला किंवा बेअरिंग घरघरली, तर मोटर दोषी. मोटर शांत चालली, तर हाताने कॉम्प्रेसरची पुली फिरवा. अडखळते का? तेल पातळीइतके आणि योग्य ग्रेडचे आहे का? बेल्ट तारेसारखा ताणलेला तर नव्हता? मोटरची पुली कोणी मोठी बसवली आहे का? “हवा जास्त मिळावी” म्हणून पुली बदलण्याचा प्रकार सर्रास होतो, आणि मग तीच मोटर जास्त भार ओढू लागते.

रिलेचे सेटिंग

नियम साधा आहे: नेमप्लेटवरचा पूर्ण भाराचा करंट म्हणजे वरची हद्द. ४१५ व्होल्टची ५ एचपीची मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते, १५ एचपीची सुमारे २१. पण अंदाजावर जाऊ नका, आपली नेमप्लेट वाचा. सेटिंगच्या १.२ पट करंट झाला की रिलेने दोन तासांच्या आत सुटावे, असे त्याच्या मानकातच आहे. थोड्याशा जास्त करंटवर तो उशिरा पडतो, तो म्हणूनच.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा डेल्टाच्या आत, फेजमध्ये असतो. तिथे सेटिंग लाइन करंटच्या ५८ टक्के हवे. २१ अँपिअरच्या मोटरला सुमारे १२. पूर्ण २१ वर ठेवले, तर संरक्षण नावापुरतेच उरते. उलट, लाइनमध्ये असलेल्या रिलेला १२ वर ठेवले, तर तो दर वेळी पडणारच.

दुसरे म्हणजे पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर रिलेच्या पुढे, थेट मोटरच्या टर्मिनलवर जोडला असेल, तर रिलेतून जाणारा करंट कमी होतो. मग सेटिंगही मोजून तितके खाली आणावे लागते.

ट्रिप थांबावी म्हणून डायल वर फिरवणे किंवा रिले बायपास करणे, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. दुपारची ऑर्डर निघते आणि आठवड्याने वायंडिंग जाते.

गॅरेज आणि पंक्चरच्या दुकानातला सिंगल फेज कॉम्प्रेसर

इथे तीन गोष्टी आधी पाहा. कपॅसिटर फुगला आहे का? मोजल्यावर त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला, तर बदला. सेंट्रिफ्यूगल स्विचचे पॉइंट चिकटले आहेत का? चिकटले तर स्टार्ट वायंडिंग सुटतच नाही, करंट चढतो आणि कपॅसिटरही जातो. आणि मशीन एक्स्टेन्शन बोर्डवर चालते का? २ एचपीची मोटर गुंडाळी केलेल्या बारीक वायरीवर उठत नाही. वायर बदलून थेट सॉकेटवर लावून पाहा, कित्येकदा तक्रार तिथेच संपते.

काही छोट्या मोटरींच्या आत आपोआप रिसेट होणारा प्रोटेक्टर असतो. मोटर बंद पडली म्हणून झाकण उघडले आणि ती अचानक फिरली, असे घडू शकते. आधी प्लग काढा.

वारंवार सुरू-बंद, पाणी आणि पावसाळा

मोटरला चालण्यापेक्षा सुरू होणे जड जाते. जेवणाच्या सुट्टीत सगळी टूल बंद असताना कॉम्प्रेसर किती मिनिटांनी पुन्हा सुरू होतो, ते मोजा. लवकर सुरू होत असेल, तर हवा गळतीतून जाते आहे. कपलिंग आणि पाइपच्या जोडांना साबणाचे पाणी लावा.

टाकीतले पाणी रोज काढा. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर, ते भराभर साचते. दोनशे लिटरच्या टाकीत साठ लिटर पाणी असेल, तर हवेला जागा एकशे चाळीस लिटरचीच उरते आणि स्टार्टची संख्या वाढते. शिवाय टाकी आतून गंजते, आणि दाबाखाली गंजलेली टाकी हा जिवाशी खेळ आहे. कारखान्यांना या टाकीची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक काळाने तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. छोट्या दुकानदारांनीही ती करून घ्यावी.

पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेली मोटर सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. एक मेगओहमच्या खाली आली, तर सुकवल्याशिवाय चालवू नका. पंख्याच्या जाळीवरचा धूळ-तेलाचा थर काढा आणि मशीन भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवा.

वायंडरकडे जायची वेळ आलीच, तर

लेखी मागा: तांब्याचीच वायर, मूळच्याच गेजची आणि तितक्याच फेऱ्यांची, इन्सुलेशनचा वर्ग, आणि काम झाल्यावर तिन्ही फेजचा नो-लोड करंट. मोटर परत आल्यावर जोडणी स्टार की डेल्टा, हे नेमप्लेटशी ताडून पाहा. रिवाइंड केलेली मोटर आधीपेक्षा सतत जास्त तापत असेल, तर पैसे चुकते करण्याआधीच परत पाठवा. दुसऱ्यांदा रिवाइंड करायची वेळ आली असेल, तर आयई३ दर्जाच्या नव्या मोटरचा भाव काढा. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या मशीनवर विजेच्या बिलातला फरक लक्षात येतो.

तुमचे हक्क

*सप्लायचा दोष असेल तर.* मीटरच्या टर्मिनलवरच व्होल्टेज कमी किंवा असमान येत असेल, तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लो टेन्शन जोडणीला व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या सहा टक्के वर-खाली एवढ्या मर्यादेत देणे वीज कंपनीवर बंधनकारक आहे. फोनवर थांबू नका. वेळ आणि तिन्ही फेजचे आकडे लिहून उपविभाग कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर वीज कायदा २००३ च्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. नवी मुंबई महावितरणच्या भांडुप परिमंडलात येते, त्यामुळे अर्ज त्या मंचाकडे जाईल. त्याच्या निर्णयावर विद्युत लोकपालाकडे जाता येते. मंजूर भारापेक्षा तुमचीच मशिनरी जास्त असेल, तर मात्र आधी भारवाढीचा अर्ज करा, नाहीतर तक्रार तुमच्यावरच उलटेल.

*नवी मशीन वॉरंटीत असेल तर.* स्वतः काही खोलू नका. बिल, वॉरंटी कार्ड, नेमप्लेटचा फोटो आणि ट्रिपची नोंद जपून ठेवा. सर्व्हिस इंजिनिअर आला, तर त्याच्याकडून आकड्यांसह लेखी रिपोर्ट घ्या. “व्होल्टेजचा प्रॉब्लेम” एवढेच लिहून तो जात असेल, तर किती व्होल्टेज, कोणत्या फेजवर, हे लिहायला लावा.

*ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज.* “धंद्यासाठी घेतलेली वस्तू, आपल्याला तक्रार करता येत नाही” असे अनेक गॅरेजवाले धरून चालतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ व्यापारी हेतूची खरेदी वगळतो हे खरे, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. तुमच्या दुकानातला एकुलता कॉम्प्रेसर त्यात बसू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर सल्ला मिळतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येते, तर खारघर, कळंबोली, तळोजा रायगडमध्ये, त्यामुळे अर्ज कुठे करायचा ते आधी पाहा. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि सर्व्हिसवाल्याने तोंडी दिलेल्या “पुढच्या आठवड्यात बघू” या आश्वासनांनी ती वाढत नाही.